चिरंजीव डब्यांची पार्टी

जळगावात 'पार्टी' हा शब्द जपून वापरावा लागतो. थंडी पडली आणि कोणी 'आमच्याकडे पार्टी आहे' असं म्हटलं, की ऐकणारा कशाबद्दल, कशासाठी असलं काही विचारत बसत नाही. 'वांगी बामणोदची का?' एवढंच विचारतो. बारशाचं जेवण असतं, लग्नाची पंगत असते, पार्टी मात्र भरताचीच. त्यामुळे पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत घरोघर जाऊन मी जेव्हा 'रविवारी दुपारी माझ्याकडे चिरंजीव डब्यांची होम पार्टी आहे, जरूर या,' असं सांगितलं, तेव्हा बायकांनी त्या वाक्यातले बाकीचे सगळे शब्द सोडून दिले.

डब्यांचा हा नाद मला धुळ्याच्या नणंदेने लावला. सुंदरअक्का म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. ती भाऊबीजेला आली ती पिशवीतून पोपटी रंगाचा एक प्लॅस्टिकचा डबा काढूनच. ओवाळायचं राहिलं बाजूला. तिने माझ्या पातेल्यातलं वरण त्या डब्यात ओतलं, झाकण बसवलं, झाकणाचा कोपरा किंचित उचलून आतली हवा 'फुस्स' करून काढली आणि पाटावर बसलेल्या सख्ख्या भावाच्या डोक्यावर तो डबा उलटा धरला. आमचे हे, जीवरामराव, उठून पळणारच होते. पण समोर थोरली बहीण, म्हणून डोळे घट्ट मिटून जागेवर बसून राहिले. एक थेंब खाली आला नाही.

"पाहिलं? याला म्हणतात चिरंजीव," अक्का म्हणाली. "जन्मभराची गॅरंटी."

"कोणाच्या जन्माची?" ह्यांनी डोळे न उघडता विचारलं.

मग अक्काने मला सगळी रीत समजावून सांगितली. हे डबे दुकानात मिळत नाहीत. एका बाईने आपल्या घरी पार्टी ठेवायची, ओळखीच्या बायका बोलवायच्या, डबे दाखवायचे. आलेल्या बायकांपैकी कोणीतरी 'पुढची पार्टी माझ्याकडे' म्हणायचं. हे झालं बुकिंग. ज्या बाईला गोडी लागेल तिने स्वतःच डबे विकायला लागायचं. ही झाली आपली मेंबर. आपल्या हाताखाली अशा चार मेंबर झाल्या की आपण ग्रुप लीडर. मार्चमध्ये नाशिकला मेळावा असतो, तिथे स्टेजवर बोलावून सोनेरी बिल्ला लावतात. अक्काच्या पदरावर तो होताच. भाऊबीजेच्या भरजरी शालूवरसुद्धा तिने तो लावला होता.

मी सहज म्हटलं, "अक्का, मी करून पाहू का?"

बाजारात शिळी गवार पाहावी तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला नाही जमायचं, मंदा. तू पडली गरीब गाय. आणि तुमच्या जळगावच्या बायका चिकट. आमच्या धुळ्याची गोष्ट वेगळी."

गाय म्हटल्याचं मला काही वाटलं नाही. पण धुळ्याने जळगावला नावं ठेवावीत आणि जळगावने ती गिळून घ्यावीत, हे माझ्या रक्तात नाही. माझं माहेर जळगावचंच. अक्काची बस सुटली आणि मी डब्यांच्या संचाची मागणी नोंदवून टाकली. येत्या मेळाव्यात बिल्ला लावून घेणार, हे दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगूनही टाकलं. ही दुसरी चूक. पहिली चूक 'पार्टी' म्हणण्याची.

कंपनीच्या नियमाप्रमाणे पाहुण्यांना सरबत आणि बिस्किटं द्यायची असतात. मी लिंबंही आणली होती. पण शनिवारी शेजारच्या बेबाबाई कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "काड्या आहेत ना? नसल्या तर आमच्या गच्चीवर कपाशीच्या काड्यांचा भारा पडलाय. आणि गॅसवर भाजू नको बाई, त्याला भरीत म्हणत नाहीत." आता या बाईला काय बिस्किटाचा पुडा दाखवायचा? मी ह्यांना वांगी आणायला पिटाळलं.

रविवारी कॉलनी लोटली. दारात चपलांचा ढीग पडला, अंगणात काड्यांचा धूर झाला. आमच्या सासूबाई द्रौपदाबाई तेव्हा दात काढायला म्हणून गावाहून आलेल्या होत्या, त्या सगळ्यांत पुढे मांडी घालून बसल्या. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "भगिनींनो, या डब्याला बंद करण्याआधी ढेकर काढू द्यायचा असतो." कंपनीच्या पुस्तिकेत असंच लिहिलेलं होतं. मी झाकणाचा कोपरा उचलला, डब्याने 'फुस्स' केलं.

"हाऊ डबा जेवना नही, खादा नही, अन् ढेकर कसा देस व?" सासूबाईंनी विचारलं.

मी पुस्तिकेचं पान उलटून पाहिलं. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी घाईघाईने वरणाच्या प्रयोगाकडे वळले. प्रयोगाला डोकं पाहिजे. बेबाबाईंनी नुकतंच न्हाणं केलं होतं. समोरच्या बंगल्यातल्या भागाबाईंना सर्दी होती. शेवटी मी ह्यांना हाक मारली. नवरा ही अशा वेळची घरातली कायमची सोय. हे आले, स्टुलावर बसले, भाऊबीजेच्या अनुभवावर विसंबून या वेळी डोळेही मिटले नाहीत. आणि मी ढेकराच्या गोंधळात झाकणाचा तो कोपरा परत दाबायलाच विसरले होते.

वरण तसं कोमट होतं. तरी ते ज्या आवाजात ओरडले तो आवाज त्यांच्या ऑफिसात कधी निघाला असता तर आतापर्यंत हेडक्लार्क झाले असते. बायका हसून हसून आडव्या झाल्या. माणूस इतकं मनापासून हसल्यावर त्याने एखादा डबा तरी घ्यावा की नाही? पण मी वही-पेन काढून 'बुकिंग कोण देतंय?' असं विचारताच सगळ्या पदर सावरून ताठ बसल्या. "ह्यांना विचारून सांगते," भागाबाई म्हणाल्या. "मीही ह्यांना विचारते," बेबाबाई म्हणाल्या. या बेबाबाईंनी मागच्या पावसाळ्यात नवऱ्याला न विचारता नवऱ्याची स्कूटर भंगारवाल्याला दिली होती.

मी हिरमुसून ताटं वाढायला घेतली. भरीत, पुऱ्या, कांद्याची पात. सगळ्या जेवायला बसल्या. मग बेबाबाई बोट चाटत म्हणाल्या, "झालंय बरं. मिरची जरा जास्त भाजली गेली, आणि लाकडी बडगीत ठेचायच्या ऐवजी तू मिक्सरला लावलंस वाटतं. चालायचंच. पुढच्या रविवारी माझ्याकडे या सगळ्या, मग कळेल भरीत कशाला म्हणतात."

"बुकिंग!" मी ओरडले आणि पुरीच्या हातानेच लिहून घेतलं.

"बेबाबाईंकडे जाताना पाण्याचा तांब्या बरोबर न्या," भागाबाई म्हणाल्या. "त्यांचं भरीत म्हणजे नुसतं तिखट. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्याकडे."

अशी माझी गाडी रुळावर आली. त्या थंडीत पिंप्राळ्यात एकही रविवार मोकळा गेला नाही. वांगी भाजून होईपर्यंत आणि ठेचून होईपर्यंत बायकांना मधे काही काम नसतं; तेवढ्यात मी डबे दाखवून घ्यायची. कोणी कोथिंबिरीवरून, कोणी शेंगदाण्यावरून दुसरीचं भरीत पाडायची आणि मला नवीन बुकिंग मिळायचं. पार्टी ठेवणारीला चटणीची डबी बक्षीस होती. मेंबर झालं तर एक मोठा डबा फुकट. संक्रांतीपर्यंत बेबाबाई, भागाबाई आणि आणखी दोघी अशा चार मेंबर मी केल्या. धुळ्याला फोन करून अक्काला सांगितलं तेव्हा पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. एस.टी.डी. बूथचं बिल ह्यांनी भरलं, पण त्या श्वासाची किंमत मी जन्मभर फेडायला तयार होते.

पण चार मेंबर झाल्यावर कॉलनीत विकणाऱ्या पाच आणि घेणारी एकही नाही, अशी अवस्था आली. भागाबाई बेबाबाईंना डबा विकायला जायच्या तेव्हा बेबाबाई पिशवी घेऊन भागाबाईंकडे यायला निघालेल्या असायच्या. दोघी रस्त्यात भेटायच्या, आपापल्या डब्यांचे ढेकर काढून दाखवायच्या आणि परत जायच्या.

त्यात कंपनीकडे रंग एकच, पोपटी. आमच्याकडे शेजारी काही गोडधोड पाठवायचं तर स्टीलच्या भांड्यातून पाठवतात. त्या भांड्यावर नाव कोरलेलं असतं आणि ते भांडं कधी रिकामं परत येत नाही. आता सगळ्यांकडे सारखेच डबे. बेबाबाईंच्या खरवसाचा डबा भागाबाईंकडे गेला, तो तिळाच्या लाडवांनी भरून तिसरीकडेच जाऊन पोचला, आणि तिसरीने तो आपलाच समजून फळीवर ठेवून दिला. डबे महागाचे. एकीने पाठवणं बंद केलं, मग दुसरीने. संक्रांत होऊन गेली तरी माझ्याकडे कोणाच्या घरची गुळाची पोळी आली नाही.

बेबाबाईंनी यावर उपाय काढला. त्या डबा घेऊन गावातल्या भांड्याच्या दुकानात गेल्या आणि त्यावर नाव कोरून मागितलं. कोरणारा नको नको म्हणत होता. "बे" कोरून झालं. "बा" कोरताना मशीन आरपार गेलं.

"जन्मभराची गॅरंटी म्हणाली होतीस," असं म्हणत बेबाबाईंनी तो भोक पडलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला.

मी एस.टी.डी. बूथवरून कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाई फार गोड बोलत होत्या.

"तडकलाय, वितळलाय की रंग उडालाय?"

"कोरलाय."

"तसा रकाना नाही, मॅडम."

"मग 'इतर'मध्ये लिहा."

"'इतर'मध्ये फक्त उंदीर येतात."

"बरं, उंदीर लिहा."

"मग उंदराने कुरतडलेला भाग जोडून पाठवावा लागेल."

मी फोन ठेवला. बेबाबाईंना सांगितलं की डबा बदलून मिळायचा असेल तर घरात उंदीर असल्याचं सिद्ध करावं लागेल. "माझ्या घरात उंदीर?" एवढंच त्या बोलल्या, आणि त्यानंतर माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत. आठवड्याच्या आत चारही मेंबरनी आपापले संच माझ्या ओट्यावर आणून ठेवले. एकीनेही बेल वाजवली नाही.

हा ओटा आमचा रोज संध्याकाळी भरलेला असायचा. कोणी तांदूळ निवडायची, कोणी स्वेटर विणायची, बेबाबाई गावभरच्या बातम्या सांगायच्या. आता तिथे डब्यांच्या खोक्यांशिवाय कोणी बसत नव्हतं. मी हातात पिशवी घेऊन बाहेर पडले की रस्त्यावरची दारं पटापट लागायची. एकदा मी निव्वळ मेथी आणायला निघाले होते. भागाबाई अंगणात साड्या वाळत घालत होत्या. मला पाहताच त्या एका साडीमागे गेल्या. खालून पाय दिसत होते. मी त्या पायांना म्हटलं, "भागाबाई, मी मेथी आणायला चाललेय."

"बरं," पाय म्हणाले.

त्या दिवशी घरी येऊन मी मेथीची जुडी समोर ठेवून रडले. हे म्हणाले, "सोडून दे मंदा. बिल्ला नाही मिळाला तर काय बिघडलं?" सोडणार कशी? तेवढ्यात अक्काचा निरोप आला: 'तुझा ग्रुप पाहायला येतेय.' तिला काय दाखवू? साडीखालचे पाय?

सासूबाई कोपऱ्यात बसून नव्या कवळीने शेंगदाणे फोडायची सवय करत होत्या. त्या म्हणाल्या, "रडस कसाले? मन्हा गावले चाल. बठ्ठ्या बाया गोया करी देस."

सासूबाईंचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. जळगाव आणि धुळ्याच्या मधे म्हणून अक्कालाही सोयीचं. सासूबाई पुढे गेल्या आणि सगळ्या बायका गोळा करायला त्यांनी गावात एकच निरोप फिरवला: "मन्ही सूननी पार्टी शे." मी आणि हे पाठोपाठ डब्यांची खोकी घेऊन एस.टी.ने पोचलो. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे, हे मला वेशीवरचे बॅनर पाहून कळलं. एका बाजूला निंबाआप्पांचं पॅनल, दुसऱ्या बाजूला चिंधाभाऊंचं. चिंधाभाऊ म्हणजे सासूबाईंचे पुतणे. अंगण मोठं म्हणून सासूबाईंनी पार्टी त्यांच्याच अंगणात मांडली होती. मला यात वावगं काही वाटलं नाही. वांगी छान भाजली जात होती आणि मी डब्यांची उतरंड रचत होते.

आधी तीन-चार पुरुष माणसं आली. त्यातल्या एकाने टोपी मागे सारून विचारलं, "कोनती पार्टी शे ताई?"

मी म्हटलं, "चिरंजीव."

"चिन्ह?"

मला वाटलं, कंपनीचं चिन्ह विचारतोय. म्हटलं, "डबा."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, गंभीरपणे माना हलवल्या आणि निघून गेले. गावात तिसरी पार्टी उभी राहिली आहे, तिची उमेदवार जळगावहून आली आहे आणि ती चिंधाभाऊच्या अंगणातून जेवण घालून डबे वाटते आहे, ही बातमी निंबाआप्पांकडे पोचायला वांगं सोलायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल.

अक्का धुळ्याहून आली. बायकांनी अंगण भरलेलं पाहून तिचा चेहरा जरा उतरला, तेव्हा मला जो आनंद झाला तो त्या दिवसातला शेवटचा. मी 'भगिनींनो' म्हणाले आणि दारात जीप थांबली.

जीपमधून निवडणूक अधिकारी उतरले. गळ्यात मफलर, हातात फाईल. त्यांच्यामागे गावचे पोलीस पाटील हिलालभाऊ, आणि त्यांच्यामागे, आपण सहज फिरायला निघालो आहोत असा चेहरा करून, निंबाआप्पा.

"आचारसंहिता चालू आहे हे माहीत आहे का?" साहेबांनी विचारलं. "मतदानाच्या तोंडावर बायकांना जेवण घालून भांडी वाटताय?"

"वाटत नाही साहेब, विकतेय!"

"असं? किती विकले?"

मी उतरंडीकडे पाहिलं. सगळे डबे जागेवर होते. आयुष्यात पहिल्यांदाच माझं विकणं मला सिद्ध करायचं होतं आणि पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त न विकलेला माल होता. "अजून एकही नाही," मी म्हटलं.

"म्हणजे वाटपच. हिलालभाऊ, लिहा."

तेवढ्यात अक्का पदर सावरून पुढे आली. बिल्ला चमकत होता. "साहेब, तुमचा गैरसमज होतोय. मी स्वतः ग्रुप लीडर आहे."

"गटनेत्या आहात?" साहेब म्हणाले. "उत्तम. हिलालभाऊ, यांचंही नाव घ्या. हा बिल्ला पण जप्त करा."

अक्काने बिल्ल्यावर हात ठेवला. चिंधाभाऊ घाम पुसायला लागले. असला पंचनामा झाला तर त्यांची उमेदवारी गेल्यात जमा होती. पण माझं लक्ष ह्यांच्याकडे होतं. हे सरकारी नोकर. सरकारी नोकराची बायको निवडणुकीत भांडी वाटताना सापडली, हे वरच्या साहेबांना कळलं तर यांचं काय होईल? हे चुलीच्या धुरात उभे होते, पण डोळ्यांत पाणी आलं होतं ते धुराने नव्हतं. बिल्ला, अक्का, जळगावची अब्रू, सगळं माझ्या मनातून क्षणात उडालं. या माणसाने डोक्यावर वरण घेतलं, मला एका शब्दाने दुखावलं नाही, आणि आता मी त्याची नोकरी घालवणार होते.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत उतरंडीजवळ आल्या आणि सगळ्यांत वरचा डबा उचलून त्यांनी विचारलं, "हाऊ कितलाले देशी व?"

मी यंत्रासारखी किंमत सांगितली.

"येडी व्हयनी का? प्लॅस्टिकनाच शे ना? सोनानं पानी देल शे का त्याले?"

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "कंपनीची ठरलेली किंमत आहे. त्यात कमी होत नाही."

"मी काय कंपनीले वयखस? मी तुले वयखस. हाई जुनं लुगडं ले नि डबा दे." आणि त्यांनी खरोखरच दोरीवरचं आपलं जुनं लुगडं ओढून माझ्या अंगावर टाकलं.

"मी काय बोहारीण आहे का?" मला मनापासून राग आला. बी.ए. झालेली मी! "नाही देणार! ही काय पद्धत झाली?"

"मंग दोन लुगडा ले!"

हे ऐकून बाकीच्या बायकांत जीव आला. इतका वेळ त्या डब्यांकडे परक्याच्या पोराकडे पाहावं तसं पाहत होत्या, कारण असलं विकणं त्यांनी पाहिलं नव्हतं. जुन्या कपड्यावर भांडं, हे मात्र त्यांना चांगलं कळत होतं. अर्ध्या घरी पळाल्या आणि बोचकी घेऊन आल्या. "हाई धोतर ले." "मन्हा नवराना सदरा ले, फाटेल नही." "झाकन वेगळं दे!" मी एकेकीशी भांडत होते. कंपनीचा भाव, कंपनीचा नियम. घसा बसला. कोणीतरी एका पोलिसाची जुनी खाकी पँट माझ्या डोक्यावर ठेवली.

साहेब पाहत उभे होते. निंबाआप्पाही. शेवटी आप्पांनाच राहवलं नाही. ते म्हणाले, "साहेब, फुकट वाटनारी बाई इतली भांडस का?"

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "अहो बाई, एवढ्या म्हणतायत तर देऊन टाका ना!"

"नाही! तो लांबट डबा दोन सदऱ्यांखाली जायचा नाही!"

हे पुढे झाले आणि माझ्या कानाशी लागले. "मंदा, दे. हात जोडतो. सदरा घे नि दे."

मी दिला. पहिला डबा सासूबाईंना, मग एकेकीला. उतरंड संपली आणि माझ्यासमोर जुन्या कपड्यांचा डोंगर उभा राहिला. अक्का कुजबुजली, "मंदा, कंपनीच्या नियमात हे बसत नाही गं."

"तू गप ऱ्हाय, गटनेती," सासूबाई म्हणाल्या.

हिलालभाऊंनी लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहिलं. सही करायला कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी वाचला. 'सदर महिला ही बोहारीण असून जुने कपडे घेऊन भांडी देण्याचा तिचा पिढीजात व्यवसाय आहे. निवडणुकीशी संबंध नाही.' माझं शिक्षण, माझं माहेर, माझा मेळावा, काही काही त्यात नव्हतं. मी सही केली. सुवाच्य अक्षरात, पूर्ण नाव, पुढे बी.ए. लिहिणार होते, पण ह्यांनी हात धरला. साहेबांनी भरताकडे पाहिलं, हातातल्या फाईलकडे पाहिलं, एक मोठा श्वास घेतला आणि उपाशी पोटी जीपमध्ये जाऊन बसले. निंबाआप्पा मात्र जेवून गेले.

नाशिकच्या मेळाव्याला अक्का एकटीच गेली. 'माझी भावजय आजारी आहे' असं तिने तिथे सांगितलं म्हणे. मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही आणि तिनेही धुळ्याच्या बायकांचा विषय काढला नाही. आपल्या आईने आपल्याला सगळ्या गावासमोर गटनेती म्हटल्यानंतर माणसाला तसाही थोडा आराम लागतो.

ती बोचकी आम्ही एस.टी.च्या टपावर टाकून पिंप्राळ्याला आणली. मी सगळे कपडे धुतले, वाळवले आणि एके दिवशी संध्याकाळी ओट्यावर पसरून गोधडी शिवायला बसले. एकटीच. सासूबाईंचं लुगडं खाली अंथरलं, त्यावर धोतरं, आणि वर कोणाकोणाच्या नवऱ्यांचे सदरे. मला गोधडी शिवता येते असं नाही, पण काहीतरी करायला हवं होतं. समोर भागाबाईंच्या खिडकीचा पडदा हलला. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. बेबाबाई फाटकाच्या बाहेरच उभ्या होत्या, एक पाय परत जायच्या तयारीत.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"गोधडी."

"खाली काय ठेवलंय? डबे?"

"डबे संपले, बेबाबाई. एकही राहिला नाही."

त्यांनी ओट्याखाली वाकून पाहिलं. मग मान वर करून शंकेने विचारलं, "पार्टी आहे का?"

"नाही हो."

"मग सरक की तिकडे," बेबाबाई म्हणाल्या. त्या चपला काढून ओट्यावर चढल्या, माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या आणि माझ्या हातातली सुई काढून घेतली. "दे इकडे. असा टाका घालतात का कोणी?"